रेंजवर कुणाचं ऐकायचं?

प्रिय पोरी,

परवा रात्री तुझा लांबलचक मेसेज वाचला. ‘काका, एअर पिस्तूल कसं मारायचं ते रेंजवर प्रत्येक जण वेगळंच सांगतो, मी नेमकं कुणाचं ऐकू?’ बरं झालं आत्ताच विचारलंस. बहुतेकांना हा प्रश्न पडतो तेव्हा हाताला नको त्या सवयी लागून गेलेल्या असतात. मेसेजवर उत्तर लिहीत बसलो तर माझे अंगठे जातील, म्हणून हे पत्र.

तुझं शनिवारचं कार्ड, म्हणजे कागदी टार्गेट, मी ठेवून घेतलंय, समोरच आहे. दहातले सहा पेलेट (छर्रे) खाली डावीकडे, सात-आठच्या पट्ट्यात. तू पिस्तूल टेबलावर ठेवून मागे वळलीस तोवर बाकावरून चार निदानं झाली होती. ग्रिप आधीपासूनच आवळून धर, साइट (नेम धरायची खूण) स्क्रू फिरवून चार क्लिक उजवीकडे घे, ट्रिगरवर बोटाचं नुसतं टोक ठेव, मनगट पाडतेस तू. पुण्यात सल्ला मागावा लागत नाही, उभं राहिलं की मिळतो. आणि आपल्या रेंजवर तर बाकच लेनच्या मागे आहे.

आता पंचाईत अशी की या चारातली तीन मतं बरोबर असू शकतात. उजव्या हाताने मारणाऱ्या नवख्या माणसाचा शॉट खाली डावीकडे जातो तो ऐन वेळी मूठ आवळल्याने जातो, बोट ट्रिगर तिरका ओढत असेल तर जातो, आणि ‘आता सुटणार’ या धास्तीने मनगट पडलं तरी जातो. यातलं तुझं कोणतं, हे कार्डावर लिहिलेलं नसतं. ते बघायला तुझ्या बाजूला उभं राहून तुझं बोट आणि मनगट बघावं लागतं. नुसतं कार्ड बघून निदान करणारा म्हणजे पत्रिका बघून ताप सांगणारा. चौथं मत, क्लिकचं, ते मात्र सोडूनच दे. चूक हातात असताना साइट फिरवली, तर ज्या दिवशी हात नीट चालेल त्या दिवशी सगळे पेलेट उजवीकडे जाणार आणि मग तू चांगला शॉट बिघडवायला बसणार.

एक हिशेब सांगतो, तो डोक्यात बसला की निम्म्या सल्ल्यांचं वजन तुझं तुलाच करता येईल. पिस्तुलाच्या मागच्या आणि पुढच्या साइटमध्ये साधारण ३२ सेंटीमीटर अंतर असतं. टार्गेट १० मीटरवर. दोन्ही साइट एकमेकींशी नीट जुळलेल्या आहेत, पण अख्खा हातच ५ मिलिमीटर बाजूला सरकला, तर पेलेटही ५ मिलिमीटरच सरकतो. एअर पिस्तूलचा दहाचा गोल ११.५ मिलिमीटरचा, म्हणजे तरीही दहाच. उलट हात दगडासारखा स्थिर आहे, पण मागच्या खाचेत पुढची साइट फक्त १ मिलिमीटर एका बाजूला गेली, तर १० मीटरवर त्याचे तीन सेंटीमीटरहून जास्त होतात. सरळ सात! तेव्हा ‘हात हलतोय बघ तुझा’ असं कुणी म्हणालं की हसून हो म्हण. हात सगळ्यांचा हलतो, माझा तर तुझ्यापेक्षा जास्त. ‘पुढची साइट बघ, टार्गेट धूसर दिसलं तरी चालेल’ असं कुणी म्हणालं, तर त्याच्यासाठी चहा सांग.

मग ऐकायचं कुणाचं? तंत्राबाबत एकाच माणसाचं, आणि ते म्हणजे आपले सर. बाकीच्यांचं वहीत. मी हे गमतीने म्हणत नाहीये. कुणी काही सांगितलं की ‘हो दादा, लिहून ठेवते’ म्हणायचं आणि खरंच लिहायचं: तारीख, कोण, काय. रविवारी सरांसमोर वही उघडायची. सर दहातल्या आठ गोष्टींवर काट मारतील, एखादीवर थांबून ‘हे कोण म्हणालं?’ असं विचारतील. तीच धरायची, आणि तेवढी एकच बदलायची. ग्रिप, उभं राहण्याची पद्धत आणि ट्रिगर एकाच आठवड्यात बदलले की सुधारणा झाली तरी कशाने झाली ते कळत नाही. वहीचा दुसरा फायदा म्हणजे सांगणाऱ्याचा मान राहतो. आपल्याकडची मंडळी मनाने चांगली आहेत. त्यांना तुझं भलंच हवंय, फक्त ते आजच्या आज हवंय.

माणसं ओळखायला एक खूण सांगतो. ज्याचं ऐकण्यासारखं असतं, तो आधी विचारतो. ‘शॉट सुटला तेव्हा साइट कुठे दिसली?’ एवढंच. तुझं उत्तर होईपर्यंत तो थांबतो. आपल्याकडे रेल्वेतून निवृत्त झालेले जे आजोबा येतात, त्यांच्याकडे लक्ष ठेव. बोलतात कमी, पण मागे उभे असले की तुझ्या पेलेटकडे न बघता तुझ्या बोटाकडे बघतात.

या सगळ्याला एकच अपवाद, सुरक्षितता. तिथे वही नाही, सर नाहीत, लहानमोठं नाही. कुणाच्याही पिस्तुलाची नळी टार्गेट सोडून दुसरीकडे वळलेली दिसली, किंवा कुणी कार्ड आणायला पुढे गेलेलं असताना दुसऱ्याने पिस्तुलाला हात लावला, तर तू मोठ्याने ‘स्टॉप’ ओरडायचं. समोर राज्य स्पर्धेत पदक घेतलेला असो नाहीतर मी असो. नळीतून आरपार जाणारी ती भडक रंगाची दोरी, सेफ्टी फ्लॅग, ती घातल्याशिवाय पिस्तूल टेबलावर ठेवायचं नाही, हे तुला पहिल्या दिवशी सांगितलंय. कुणी विसरलं तर आठवण करायला लाजू नकोस. आणि अशी आठवण केल्यावर जो रागावेल, त्याचे बाकीचे सल्ले लिहायचेही कष्ट घेऊ नकोस. तसंच, पेलेट शिशाचे असतात. वडापावला हात लावायच्या आधी साबणाने हात धुवायचे. टपरीवरच्या गर्दीत हे विसरणारे बरेच आहेत, मोठी माणसंसुद्धा.

आता आपल्या लोकांची जमेची बाजू. तोंडापेक्षा त्यांचा हात जास्त चालतो. पिस्तुलाच्या सिलिंडरची हवा संपली की कुणीतरी स्वतःचं भरणं थांबवून तुझा सिलिंडर लावून देतो. दाबाचा काटा २०० बारच्या पुढे जाऊ देऊ नको, तेवढं बघ. ओ-रिंग (हवा अडवणारं रबरी कडं) गेली तर कुणाच्या तरी पेटीत तसलीच सापडते. हे घ्यायला संकोच करू नकोस, पण परत द्यायला विसरू नकोस. पेलेटचा डबा उसना घेतला तर भरलेलाच डबा, शक्यतो त्याच आकाराचा, परत द्यायचा. ४.४९ मिलिमीटरचे पेलेट मारणाऱ्याला ४.५० चा डबा दिला तर तो तोंडावर काही बोलणार नाही, पण पुढच्या वेळी त्याचा डबा ‘घरी विसरलेला’ असेल.

उसनवारीला कमी समजू नकोस. अमेरिकेच्या मॅट एमन्सच्या स्वतःच्या रायफलची २००४ च्या ऑलिंपिकआधी कुणीतरी मुद्दाम नासधूस केली होती. त्याने कॉलेजच्या संघातल्या जुन्या मैत्रिणीची रायफल उसनी घेतली आणि अथेन्समध्ये प्रोन (पोटावर झोपून मारायच्या) प्रकाराचं सुवर्ण त्या रायफलने मारलं. त्याच ऑलिंपिकमध्ये थ्री पोझिशनच्या (गुडघ्यावर बसून, झोपून आणि उभं राहून मारायच्या प्रकाराच्या) फायनलमध्ये तो शेवटच्या शॉटपर्यंत पुढे होता. शेवटचा शॉट त्याने शेजारच्या लेनच्या टार्गेटवर मारला. शून्य. पहिल्यावरून थेट आठवा. नंतर त्याचं सांत्वन करायला आली ती चेक नेमबाज कातेरिना कुर्कोवा, आणि पुढे दोघांनी लग्न केलं. २००८ ला बीजिंगमध्ये तिने एअर रायफलचं सुवर्ण जिंकलं, आणि हा पुन्हा थ्री पोझिशनच्या शेवटच्या शॉटला ४.४ मारून पदकाबाहेर गेला. तुझ्या शेजारच्या कार्डावर गेलेल्या त्या एका पेलेटवरून तू रडकुंडीला आली होतीस म्हणून हे सांगतोय. आपल्याकडे त्याला शिक्षा ठरलेली आहे: ज्याच्या कार्डावर गेला त्याला चहा-क्रीमरोल. एवढं देऊन टाक की विषय संपला. लेनचा नंबर मात्र पिस्तूल उचलण्याआधी दर वेळी बघायचा.

तू लिहिलंयस की तुझ्याच वयोगटातली ती दुसरी मुलगी तुला काही सांगत नाही, उलट तुझा स्कोअर विचारते, त्यामुळे तुला ती आवडत नाही. अगं, विचारू दे ना. तूही तिचा विचार. अंजली भागवत, सुमा शिरूर, दीपाली देशपांडे या तिघी रायफल नेमबाज प्रशिक्षक संजय चक्रवर्तींच्या हाताखाली तयार झाल्या, भारतीय संघातल्या त्याच थोड्या जागांसाठी एकमेकींशी झगडल्या, आणि २००४ ला तिघीही अथेन्सला गेल्या. सुमाताई तिथे फायनलपर्यंत पोचल्या. पुढे दीपालीताईंनी स्वप्नील कुसळेला घडवलं. मूळचा कोल्हापूरकडचा, तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस, सराव आपल्या बालेवाडीत. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्य. त्या दुपारी आपल्या बाकावर एका मोबाइलभोवती किती डोकी होती ते तुला कुणीही सांगेल. तेव्हा शेजारच्या लेनवर तुझ्या तोडीचं कुणी असणं हे भाग्य समज. तिचा स्कोअर तुझ्यापुढे चार गुणांनी असला की तुझं सराव चुकवणं आपोआप कमी होईल.

पिस्तूल विकत घेण्याचं इतक्यात डोक्यात घेऊ नकोस. मला माहीत आहे, चहाच्या टपरीवर निम्मा वेळ मोरिनी की स्टायर की वॉल्थर यातच जातो, आणि ऐकून ऐकून आपल्या हातातलं क्लबचं पिस्तूल कुचकामी वाटायला लागतं. त्या गप्पा ऐक, मजा असते त्यात. पण परदेशी पिस्तूल म्हणजे लाखाच्या वरचं काम, आणि तुझा हात अजून वाढतोय; आज बसणारी ग्रिप वर्षाने बसणार नाही. पुढेमागे कुणी जुनं देऊ केलं, तर पैशाचं बोलण्याआधी सिलिंडरवर कोरलेली तारीख वाच. दहा वर्षं झाली की तो सिलिंडर स्पर्धेत चालत नाही, आणि हे विकणाऱ्याला बरोबर माहीत असतं. बिल माग. ट्रिगरवर वजन लावून बघ, ५०० ग्रॅम उचलला गेला पाहिजे. आणि व्यवहाराच्या दिवशी मला बरोबर ने, मी घासाघीस चांगली करतो.

क्लबचं पिस्तूल घरी नेशील तेव्हा पेटी बंदच ठेव. ४.५ मिलिमीटरच्या एअर पिस्तूलला परवाना लागत नाही हे खरं, पण बसमधल्या शेजाऱ्याला ते दिसताक्षणी कळत नाही. कॉलेजात मैत्रिणींना दाखवायला काढणं, त्याचं रील करणं, हे आपल्यात कुणी केलं तर सर त्याला दाराबाहेर उभं करतात, आणि त्या वेळी बाकावरचा एकही माणूस मध्ये पडत नाही.

जिल्हा स्पर्धा तुझी पहिलीच. ७५ मिनिटांत ६० शॉट, त्याआधी तयारी आणि सायटरची (न मोजल्या जाणाऱ्या सरावाच्या शॉटची) १५ मिनिटं. एकदा लेनवर उभी राहिलीस की मागून कुणीही तुझ्याशी बोलू शकत नाही, सरसुद्धा नाही. नियमच तसा आहे. गोंधळलीस तर पिस्तूल रिकामं कर, फ्लॅग घाल, रेंज ऑफिसरची परवानगी घे आणि मागे येऊन सरांशी बोल. वेळ चालू राहतो, पण दोन मिनिटांनी काही बिघडत नाही. घाईत मारलेल्या पाच शॉटने बिघडतं. आम्ही चार-पाच जण मागच्या खुर्च्यांवर असू. आमच्याकडे वळून बघायचं असेल तर बघ, आम्ही चेहरे कोरे ठेवायचा प्रयत्न करू. आजोबांना ते जमतं, मला जमत नाही, म्हणून माझ्याकडे बघू नकोस.

आणखी एक. मंगळवारपासून सातवीतला एक मुलगा तुझ्या शेजारच्या लेनवर येतोय. चार दिवसांत तुलाही त्याला काहीतरी सांगावंसं वाटेल, कारण तुला त्याची चूक स्वच्छ दिसेल. सांगू नकोस. त्याला पेलेटचा डबा कुठे असतो, कार्ड कसं लावायचं, पंख्याखालची लेन का नको, हे दाखव. सिरीज (दहा शॉट) संपल्यावर त्याने विचारलं तर ‘पुढची साइट बघत होतास का?’ एवढं विचार. आणि तो हो म्हणाला तर विश्वास ठेवू नकोस.

शनिवारी तीनची लेन तुझ्या नावावर लावली आहे. विद्यापीठ चौकात अडकशील, अर्धा तास आधी निघ. बूट सपाट तळव्याचे घाल, ते उंच टाचांचे स्पोर्ट्‌स शूज घरी राहू दे. पहिल्या वीस मिनिटांत पेलेट भरायचा नाही, कोऱ्या पांढऱ्या कार्डावर नुसतं ड्राय मारायचं. मी तुझ्या उजव्या बाजूला उभा राहून बोट बघणार आहे. वही आण. आणि हो, क्रीमरोल दोन घे, ज्याच्या कार्डावर तुझा पेलेट गेला तो मीच होतो.

तुझा,
चार नंबर लेनवाला काका