‘हे झोपलेत’ इंग्रजीत कसं सांगू?

प्रश्न : माझा सात वर्षांचा नातू न्यू जर्सीत असतो. दर रविवारी सकाळी आमचा व्हिडिओ कॉल होतो. त्याला मराठी कळतं, पण बोलतो इंग्रजीच. म्हणून मी मोबाइलवर धडे बघून इंग्रजी शिकतेय. गाडी अडते ती ‘ही’ आणि ‘शी’वर. परवा त्यानं विचारलं, आजोबा कुठायत? मी म्हटलं, ‘दे आर स्लीपिंग.’ त्यावर तो म्हणाला, अजून कोण झोपलंय? यांना ‘ही’ म्हणायला जीभच रेटत नाही. काय करू?
– एक आजी (वय 64), बार्शी

उत्तर : ताई, आपल्याकडे मान अनेकवचनात असतो. ‘हे झोपलेत’ मधलं ते अनेकवचन तुम्ही जसंच्या तसं इंग्रजीत नेलंत. एकतीस वर्षं मी आठवी-नववीला इंग्रजी शिकवलं. एका मुलानं निबंधात वडिलांबद्दल पानभर ‘दे’च लिहिलं होतं. मी लाल पेन उचललं तर म्हणाला, “बाई, दादांना एकेरी कसं लिहू?” त्या वहीवर रेघ मारताना माझा हात जड झाला होता.

पण इंग्रजीत ‘ही’ एकेरी नाही. राजा असो की गुराखी, पुरुष एक असेल तर ‘ही’च. पूर्वी त्यांच्याकडेही तू-तुम्ही होतं. ‘दाऊ’ म्हणजे तू, ‘यू’ म्हणजे तुम्ही. सतराव्या शतकात ‘दाऊ’ रोजच्या बोलण्यातून मागे पडत गेलं आणि सगळ्यांनाच ‘यू’ म्हणू लागले. म्हणजे नातवाला ‘यू’ म्हणता तेव्हा तुम्ही त्याला अहो-जाहोच करताय!

दुसरं म्हणजे, कानच फसवतात. मराठीत ‘ही’ म्हणजे बाई, तिकडे ‘ही’ म्हणजे पुरुष. त्यामुळे ‘ही-शी’ सुटं घोकू नका. घरातला लग्नाचा फोटो घ्या, एकेका चेहऱ्यावर बोट ठेवा आणि त्या माणसाबद्दल मोठ्यानं एक वाक्य बोला.

फोटोत भाऊ-बहीण असतील तिथे जरा थांबा. ‘त्याची बहीण’ मधली ‘ची’ बहिणीमुळे येते, म्हणून तोंडून ‘हर सिस्टर’ निसटतं. इंग्रजी बघते फक्त ती कोणाची आहे ते. भावाची, म्हणून ‘हिज सिस्टर’. सुनेचा भाऊ असेल तर ‘हर ब्रदर’. माझ्या वर्गातली हुशार मुलंही इथे चुकायची, तेव्हा दहा-वीसदा चुकलात तरी सोडू नका.

आठवडाभर सरावाला मोबाइलचा माइक वापरा. कीबोर्डची भाषा इंग्रजी करून बोलायचं, तो टाइप करत जातो. आपलंच वाक्य अक्षरांत दिसलं की ‘ही’च्या जागी ‘शी’ गेलेलं पटकन लक्षात येतं. धडे बघणं त्यापुढे मला दुय्यम वाटतं, कारण बघताना तोंड बंदच असतं.

आणि नातवाला मास्तर करा. चुकलं की त्यानं नुसतं बोट वर करायचं, दुरुस्ती तुमची तुम्ही करायची.

येत्या रविवारी यांना झोपू देऊ नका. कॅमेऱ्यासमोर शेजारी बसवा आणि त्यांच्याबद्दलच पाच वाक्यं सांगा. पहिलं मी देते : ‘ही लाइक्स टी.’