दहावीचं पोरगं वर्कशॉपला जातंय, बंद करू का?

"मॅडम, दहावीचं वर्ष हाय आणि हे पोरगं संध्याकाळी लेथवर जातंय, रात्री दहाला घरात येतंय, जेवता जेवता ताटावर झोपतंय. बंदच करू का ओ सगळं?"

दिवाळीनंतर एक आई पोराला घेऊन माझ्याकडं समुपदेशनाला आली होती तिचा हा प्रश्न. लेथ म्हणजे लोखंड गोल फिरवून कातायचं मशीन. (ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक गोष्टी बदलल्यात.) असाच प्रश्न घेऊन बरेच पालक येतात, कोल्हापूरच आहे, उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव असे कारखान्यांचे भाग, प्रत्येकाच्या नात्यागोत्यात कोणतरी मशीनवर असतंच, आणि सुट्टीत पोरगं मोबाईल बघत बसण्यापेक्षा चार गोष्टी शिकेल म्हणून पाठवतात. इथंही दिवाळीच्या सुट्टीत तसंच झालेलं. वडील टेम्पोवर, आईचं पोळीभाजी केंद्र, वडिलांच्या मित्राचं उद्यमनगरात दोन लेथ आणि एक जुनं मिलिंग मशीन असलेलं वर्कशॉप. सुट्टी संपली पण पोरगं जायचं थांबलं नाही, शाळा सुटली की पाच वाजता तिकडं, साडेनऊ-पावणेदहापर्यंत, महिन्याला अडीच हजार.

आईनं प्रगतीपुस्तक पुढं ठेवलं. भूमितीत ४० पैकी ९. "हे बघा कामाचं फळ."

मी तारीख बघितली. परीक्षा दिवाळीच्या आधी झालेली. म्हणजे हे ९ मार्क पडले तेव्हा पोरगं लेथच्या जवळपासही गेलं नव्हतं! ताईंना हे दाखवलं तर त्या गप्पच झाल्या. मला हे मुद्दाम सांगायचंय, कारण पालक खूपदा दोन वेगळ्या काळज्यांची एकच गाठ मारतात. मार्क आधीपासनंच कमी होते. कामामुळं जी आली ती झोप आणि दमणूक, आणि तिचा इलाज वेगळा असतो. काम बंद केलं असतं तर झोप नीट झाली असती, पण भूमिती काय आपोआप आली नसती.

मग मी त्याला एकट्याला बसवलं. शाळेचं विचारलं की "हं", "बरं", एवढंच. वर्कशॉपचं विचारलं आणि जे सुरू झालं पोरगं, वीस मिनिटं थांबलं नाही, व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) कसा बघायचा, बर (कापल्यावर कडेला राहणारी खरखरीत धार) कशी काढायची, मिस्त्री कुठल्या टूलला हात लावू देत नाहीत. मधेच म्हणाला टेपर (निमुळता होत जाणारा आकार) काढायला कंपाउंड स्लाइड (लेथवरचा टूल धरणारा भाग) किती डिग्री फिरवायची ते मिस्त्री हिशोबानं काढतात. म्हटलं कसं ते दाखव. त्यानं माझ्याच वहीवर लिहिलं: मोठा व्यास ४०, छोटा ३०, लांबी ५०, वजाबाकी १०, तिला लांबीच्या दुपटीनं म्हणजे १०० नं भागायचं, आलं ०.१, मग कोष्टकात बघायचं, पावणेसहा डिग्रीच्या जवळपास. मी म्हटलं अरे हा टॅन आहे, त्रिकोणमितीचा धडा, तुझ्याच भूमितीच्या पुस्तकात आहे. "व्हय?" म्हणाला. शाळेत तो धडा अजून यायचा होता. दप्तरातनं पुस्तक काढून त्यानं तो तिथंच बसून चाळला, आणि खरं सांगते, इतक्या वर्षांच्या कामात असले क्षण मला फार थोडे मिळालेत.

पुढच्या वेळी वडील आले. त्यांचं म्हणणं सरळ होतं, शाळा सोडू दे, १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी देईल, दिवसभर काम शिकेल. "कर्मवीर अण्णांनी पण कमवा आणि शिका सांगितलंय की!" आपल्या जिल्ह्यातल्या कुंभोजमधे जन्मलेले भाऊराव पाटील, त्यांचं नाव घेतल्यावर कोण काय बोलणार. पण मी म्हटलं दादा, अण्णांकडं पोरं शेतात राबायची, पण काम किती आणि अभ्यास किती हे अण्णांचीच संस्था ठरवायची, म्हणजे दोन्हीची वेळ एकाच्याच हातात. तुमच्या पोराची वेळ कोण ठरवतंय? ऑर्डर आली की मालक थांबवतोय, शाळेला माहीत नाही, तुम्ही गाडीवर, ताई पोळ्या लाटतायत.

आणि अजून एक, "अप्रेंटिस म्हणून लागलाय" असं सगळे म्हणत होते पण तो अप्रेंटिस नव्हताच. अप्रेंटिस कायद्यात किमान वय १४ आहे (धोक्याच्या कामाला १८), पण त्याचा नोंदणी केलेला करार असतो, १८ च्या आतला असेल तर पालकाची सही लागते, विद्यावेतन ठरलेलं असतं, २०१९ च्या नियमात नववीपर्यंत शिकलेल्याला महिन्याला कमीत कमी ५ हजार आणि दहावी पासला ६ हजार धरले होते. आणि ते जवळपास पूर्णवेळ काम असतं, रोजच्या शाळेबरोबर बसतच नाही. हा जे करत होता ती नुसती संध्याकाळची नोकरी होती. त्याला बालकामगार कायदा लागतो आणि त्यात १४ ते १८ च्या मुलांना संध्याकाळी ७ ते सकाळी ८ कामावर ठेवता येत नाही, आठवड्याची एक सुट्टी द्यावीच लागते. हे वडिलांना माहीत नव्हतं. मालकालाही नव्हतं.

मालकाशी मी फोनवर बोलले. आधी चिडले, "मी काय शाळा काढलीया व्हय?" पण माणूस चांगला, ऐकून घेतलं. ठरलं ते असं: आठवड्यातनं तीनच दिवस, पाच ते पावणेसात, रविवारी पूर्ण सुट्टी, चालू मशीन पुसायचं-ऑइल करायचं नाही, आणि जानेवारीपासनं बोर्डाचे पेपर संपेपर्यंत पूर्ण बंद. पैसे कमी होणार यावर पोरगं जरा रुसलं. आईला हे सुद्धा जास्तच वाटत होतं.

इथं एक स्पष्ट सांगते. हेच जर फाउंड्री असतं तर मी एक तासही चालवून घेतला नसता. वितळलेलं लोखंड, वाळूची धूळ, कायद्यानंच ते धोकादायक कामात येतं, १८ च्या आत नाहीच. दोन वर्षांपूर्वी एका घराला हे सांगितलं होतं, त्यांनी ऐकलं नाही, परत आलेही नाहीत. ते पोरगं अजून डोक्यातनं जात नाही माझ्या.

या मुलाला बोर्डात गणितात १०० पैकी ४७ पडले, एकूण ६१ टक्के. वडिलांना वाटत होतं आता सरळ कामाला लावू, आईला अकरावी कॉमर्स हवं होतं, आणि त्यानं स्वतः कळंबा रोडच्या आयटीआयला मशिनिस्टचा फॉर्म भरला, दोन वर्षांचा कोर्स आहे, नंतर नोंदणीची खरी अप्रेंटिसशिप करता येते. परवा ताईंचा फोन आलेला, म्हणाल्या, "घरात भिंतीवर टॅनचं कोष्टक चिकटवलंय ओ मॅडम, पोळ्या करताना समोर तेच दिसतंय."