सांडपाण्याच्या तळ्यांचं डिझाइन करताना ऑप्टिमायझेशनचा (अटी पाळून सर्वांत चांगला पर्याय शोधण्याचा) खरंच फायदा होतो का?

होतो. तुम्ही विचारलंय की शेवटच्या, जंतू मारणाऱ्या तळ्यांना कमीत कमी जागा लागावी म्हणून जेनेटिक अल्गोरिदम (उत्क्रांतीसारखे पर्याय निवडत-सुधारत उत्तर शोधणारी संगणकाची पद्धत) शिकावा का. माझं ऐकाल तर आधी कागद-पेन घेऊन बसा. या प्रश्नाचा गाभा हाताने सुटतो, आणि तो स्वतः सोडवण्यात फार आनंद आहे.

संशोधक मारे यांच्या १९७४ च्या सूत्रानुसार प्रत्येक तळं कॉलिफॉर्मची (विष्ठेतून पाण्यात येणाऱ्या जंतूंची) संख्या (१ + kθ) ने भागतं. θ म्हणजे पाणी तळ्यात किती दिवस राहतं ते, आणि k म्हणजे जंतू मरण्याचा वेग; २० अंश सेल्सिअसला तो असतो दिवसाला २.६. समजा १०० मिलिलिटरमध्ये १ कोटी जंतू आहेत आणि ते १००० वर आणायचे आहेत, म्हणजे १०,००० पट घट हवी. एकाच तळ्यात हे करायचं तर ३,८४६ दिवस लागतील! दोन सारख्या तळ्यांत एकूण ७६ दिवस, तिनात २४, चारात १३.८, पाचात १०.२. खोली तीच ठेवली तर जागाही याच प्रमाणात घटते.

मग तळी वाढवतच जायची का? नाही. पाणी ३ दिवसांपेक्षा कमी थांबलं तर ते आडवाटेने थेट बाहेर पडतं आणि शेवाळही वाहून जातं, म्हणून प्रत्येक तळ्याला किमान ३ दिवस द्यावेच लागतात. ही अट घातली की पाच तळ्यांचे १५ दिवस होतात आणि चार तळी जिंकतात. (एका तळ्यात रंग सोडून पाहिला होता. कागदावर कित्येक दिवसांचा मुक्काम, आणि रंगाची रेघ काही तासांतच आउटलेटला! तेव्हापासून ही अट मी कधीच सैल करत नाही.)

तापमान मात्र सर्वांत थंड महिन्याचं घ्या. १२ अंशांना k ०.६५ पर्यंत उतरतो आणि सगळी गणितं पालटतात.

तळ्यांची संख्या पूर्णांक असल्याने १ ते १० पर्यंत एकेक करून तपासली तरी पुरतं, स्प्रेडशीटमधला साधा सॉल्व्हर (उत्तर शोधणारं साधन) बास. पाणी वळवणाऱ्या आडभिंती, लांबी-रुंदी, बांधाची माती, अस्तराचा खर्च हे सगळं एकत्र आलं की जेनेटिक अल्गोरिदमकडे वळा.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. ऑप्टिमम, म्हणजे सर्वांत चांगला पर्याय, सहसा अटीच्या अगदी काठावर बसतो. वरच्या चार तळ्यांत k प्रत्यक्षात २० टक्के कमी निघाला, तर बाहेर १००० ऐवजी सुमारे २,२०० जंतू येतील. म्हणून कमी केलेला k सुरुवातीलाच अटीत घाला. तसं केलं की चार तळ्यांना १७.३ दिवस लागतात, पाच तळी मात्र १५ दिवसांत काम करतात. म्हणजे साधारण सव्वा दिवसाची जागा जास्त दिली की ही खात्री मिळते, फक्त तळी चार नाही, पाच खणायची.