वाचक विचारतात: खोक्यातलं गॅरेज आणि त्यातले तीन दिवे

मागच्या अंकात माझ्या छोट्या टॅक्सी-गॅरेजचा फोटो छापून आला आणि तेव्हापासून एवढे प्रश्न आलेत की या वेळचा अख्खा कॉलम त्यालाच दिलाय. एकसारखे होते ते एकत्र केलेत, आणि "किती खर्च आला" याचं उत्तर मी घरीसुद्धा देत नाही त्यामुळे ते सोडून बाकीचं बोलूया.

प्रश्न (लालबाग, मुंबई): सर, बाबांची काळी-पिवळी पद्मिनी होती. तशीच एक पुल-बॅकवाली खेळण्यातली मिळालीये, तिच्यासाठी बाबांच्या मिस्त्रीचं गॅरेज करायचं मनात आहे. पण डब्यावर स्केल वगैरे काहीच लिहिलेलं नाही, मग बाकीच्या वस्तू कुठल्या मापाने करू?

उत्तर: डबा विसरा, पट्टी घ्या. खरी पद्मिनी बंपर ते बंपर साधारण ३.९ मीटर. तुमची खेळण्यातली मोजा, समजा १२.२ सेंटिमीटर भरली तर ३९०० भागिले १२२ म्हणजे जवळपास ३२, झालं, तुमची स्केल १:३२. आता गॅरेजमधल्या प्रत्येक वस्तूचं खरं माप मिलिमीटरमध्ये काढायचं आणि ३२ ने भागायचं. साडेपाच फुटी मिस्त्री सव्वापाच सेंटिमीटरचा, दहा फुटी शटर साडेनऊ सेंटिमीटरचं, नऊ इंची वीट सात मिलिमीटरची आणि शटरची तीन इंची पट्टी जेमतेम अडीच मिलिमीटरची. हे सगळं एका कागदावर लिहून भिंतीला चिकटवून ठेवा कारण रात्री साडेअकराला स्टूल कापताना डोकं चालत नाही, माझं पहिलं स्टूल मिस्त्रीच्या छातीपर्यंत आलं होतं. गाडीचं माप थोडं चुकलं तर कोणाला कळत नाही पण स्टूल, दाराची उंची आणि जिन्याची पायरी चुकली की बघणाऱ्याला लगेच काहीतरी खटकतं, काय ते त्याला सांगता येत नाही एवढंच.

दुसरं म्हणजे साल ठरवा. मुंबईत पद्मिनी टॅक्सीचं शेवटचं रजिस्ट्रेशन २००३ मध्ये झालं आणि वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून गेली, म्हणजे तुम्हाला निवडायला भरपूर वर्षं आहेत. पण १९९० धरलंत तर भिंतीवर पेमेंटचा क्यूआर कोड नको आणि छताला एलईडी बल्ब नको, तेव्हा पिवळा बल्ब आणि ट्यूबलाइट. कालनिर्णय मात्र बिनधास्त लावा, ते १९७३ पासून आहे. आणि बाबांना विचारा की मिस्त्रीचं टेबल कुठल्या बाजूला होतं, पाने खिळ्याला टांगलेले असायचे की डब्यात पडलेले. हे नेटवर मिळणार नाही.

प्रश्न (नाशिक): भिंती फोमबोर्डच्या (दोन कागदांमध्ये फोम असलेला बोर्ड) केल्यात, बाहेरून विटांचा कागद चिकटवला. दिवसा मस्त दिसतं पण लाइट लावले की सगळी भिंतच उजळते, कोपऱ्यांतून तर रेषाच दिसतात. काय चुकलं?

उत्तर: तुमचा आकाशकंदील झालाय! माझाही झाला होता. पांढरा बोर्ड आणि कागद यांतून प्रकाश आरपार जातो, डोळ्याला दिवसा कळत नाही. पुढच्या वेळी भिंती उभ्या करायच्या आधीच आतल्या बाजूला काळ्या ॲक्रिलिकचे दोन हात द्या आणि त्यावर चुन्याचा किंवा फिकट हिरव्या ऑइलपेंटचा रंग करा. आता उभी आहे तर विटांचा कागद काढा, बाहेरून काळं करा, नवा कागद लावा, दुसरा इलाज नाही. कोपऱ्यांच्या फटीत फेविकॉलमध्ये काळा रंग कालवून भरा. स्प्रेचा डबा मात्र थेट मारू नका, त्यातलं सॉल्व्हंट आतला फोम खातं, कडा उंदराने कुरतडल्यासारख्या होतात. काही जण आतून किचनची फॉइल लावतात, प्रकाश अडतो शंभर टक्के, पण तिच्यातून करंट जातो हे लक्षात ठेवा, उघडा जॉइंट टेकला की शॉर्ट.

पण तुमचा फोटो बघून खरं सांगू का, भिंत हा तुमचा दुसरा प्रॉब्लेम आहे, पहिला म्हणजे तुम्ही चौदा दिवे लावलेत. माझ्या पहिल्या मॉडेलमध्ये अकरा होते आणि बायको म्हणाली सराफाचं दुकान छान झालंय, तेव्हा कळलं. तुमच्या ओळखीच्या कुठल्याही जुन्या गॅरेजमध्ये संध्याकाळी सातला जाऊन उभे राहा, टेबलावर एक ट्यूब, मागे टायरांच्या ढिगाकडे धूळ बसलेला एक पिवळा बल्ब आणि उघड्या बॉनेटला हुकाने अडकवलेला हँडलॅम्प, बास. बाकी काळोख असतो, आणि त्यात पाने, फॅनबेल्ट, डबे नुसते आकाराने ओळखू येतात. म्हणून दिवा कुठे लावू यापेक्षा मिस्त्री आत्ता काय काम करतोय ते आधी ठरवा, तो जिथे बघतोय तिथेच उजेड पाहिजे. आता माझ्याकडे तीनच दिवे आहेत. ट्यूबचा रंग गार पांढरा, बल्बचा वॉर्म, आणि वॉर्म एलईडीवर काचेवर मारायच्या नारिंगी रंगाचा एक ठिपका दिला की जुन्या फिलामेंटचा तो मळकट पिवळेपणा येतो.

ट्यूबसाठी एक जुगाड. फिलामेंट बल्बसारखे दिसणारे जे एलईडी बल्ब येतात ना, त्यातली काडी सुट्टी मिळते, ३८ मिलिमीटरची, तीन व्होल्टवाली. चार फुटी ट्यूब ३२ ने भागली की साडेसदतीस! कापायचं नाही, जोडायचं नाही. गार पांढरी मागा, दोन्ही टोकांना कागदाची पट्टी गुंडाळून होल्डर करा आणि एका टोकाला पेन्सिलने थोडं काळं करा, जुनी ट्यूब कडेला काळी पडते तसं. ही काडी पूर्ण करंटवर डोळे दिपवते, पाच व्होल्टवर ३३० ओहमचा रेझिस्टर, म्हणजे करंट अडवणारा छोटा तुकडा, लावलात तर बेताची पेटते, अजून मंद हवी तर १ के, म्हणजे १००० ओहमचा.

प्रश्न (पुणे, आणि असेच आणखी तिघांचे): मॉडेल पॉवरबँकवर लावतो, अर्ध्या मिनिटात आपोआप बंद होतं. वायरिंग दहा वेळा तपासलं.

उत्तर: वायरिंग ठीकच आहे. पॉवरबँकेला वाटतं मोबाईल चार्ज झाला. तुमचे पाचसहा एलईडी मिळून वीस मिलिॲम्प पण खात नसतील आणि बऱ्याच पॉवरबँका एवढ्या कमी करंटला झोपून जातात. घरात पडलेला जुना मोबाईल चार्जर वापरा, किंवा तीन पेन्सिल सेल. उगाच करंट खायला मोठा रेझिस्टर लावायचा सल्ला कोणी देईल, चालतं ते, पण तो गरम होतो आणि तुमच्या मॉडेलच्या पोटात पुठ्ठा आणि फोम आहे.

प्रश्न (सोलापूर): सहा पांढरे एलईडी एकत्र जोडून एकच रेझिस्टर लावला, दोन भगभगीत, बाकीचे मरतुकडे, आणि चार दिवसांनी एक गेला.

उत्तर: प्रत्येकाला स्वतःचा रेझिस्टर. एलईडी वरून सारखे दिसले तरी प्रत्येकाचा व्होल्टेज थोडा वेगळा, मग ज्याचा कमी तो जास्त करंट ओढतो, तापतो आणि तापला की अजून ओढतो, हावरट पाहुण्यासारखं. हिशोब सोपा आहे, सप्लायमधून एलईडीचे साधारण तीन व्होल्ट वजा करा आणि हव्या त्या करंटने भागा. पाच व्होल्टला १ के लावलात तर दोन मिलिॲम्प, आणि मॉडेलला तेवढं खूप होतं, पुस्तकात लिहिलेले वीस इथे नकोत. १ के म्हणजे पट्टे तपकिरी-काळा-लाल. आणि चिकटवण्याआधी प्रत्येक दिवा पेटवून बघा. मला एका दुकानात "बारा व्होल्टचे, आत रेझिस्टर आहे" सांगून नुसते एलईडी दिले, मी विश्वासाने लावले, टप्प टप्प टप्प, तिन्ही गेले, आणि एक छताच्या आत पक्का चिकटवलेला. बारीक एनॅमलची तांब्याची तार वापरत असाल तर टोकाचं वार्निश ब्लेडने खरवडा, नाहीतर सोल्डर वर नुसतं बसतं आणि तुम्ही एलईडीला शिव्या देता. हे सगळं पुण्यात बुधवार पेठेत तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतं, जाताना यादी न्या, नाहीतर दोन तास जातात आणि पैसे पण.

प्रश्न (कोल्हापूर, इयत्ता आठवी): दादा, माझ्या गॅरेजमध्ये वेल्डिंग चालू असल्यासारखा चमचम लाइट पाहिजे. कोडिंग येत नाही मला.

उत्तर: नाही आलं तरी चालतंय की! मेणबत्तीसारखा थरथरणारा पिवळा एलईडी येतो, बॅटरीवाल्या पणतीत असतो तोच, त्याच्या पोटात चिप असते. तो एक, एक गार पांढरा एलईडी आणि ४७० ओहमचा रेझिस्टर हे तिन्ही एकामागे एक, म्हणजे सिरीजमध्ये जोड आणि नऊ व्होल्टची बॅटरी लाव. पिवळ्यातून जाणारा करंट थरथरतो म्हणून पांढराही थरथरतो. पाच व्होल्टवर नाही होणार, दोघांनाच सहाच्या आसपास लागतात. पिवळा खाली बेसमध्ये लपव, पांढरा वेल्डरच्या हाताखाली असा ठेव की समोरून एलईडी दिसणार नाही, फक्त भिंतीवर उजेड नाचला पाहिजे. सोल्डरिंग करताना घरातलं मोठं कोणीतरी जवळ हवं, आणि खिडकी उघडी.

प्रश्न (मडगाव): फरशीवर ऑइलचे डाग केले ते शाई सांडल्यासारखे दिसतात.

उत्तर: कारण सगळे सारखेच काळे आणि सगळे चकचकीत असणार. जुना डाग मॅट असतो, धूळ बसून तपकिरी झालेला, कडा विरलेली. ताजा तेवढाच चमकतो. काळ्यात भरपूर तपकिरी घाला, पाणी जास्त, ओल्या फरशीवर सोडा, आणि वाळल्यावर इंजिनाच्या बरोबर खाली एकाच ठिपक्यावर ग्लॉस वार्निश. फरशी म्हणून बारीक पॉलिश पेपर उलटा न करता तसाच राखाडी रंगवला तरी सिमेंटचा कोबा वाटतो. मग हात कुठे लागतात ते आठवा, स्विचबोर्डभोवती काळी बोटं, शटरच्या खालच्या पट्टीवर मधोमध, टेबलाच्या कडेला. लोखंड जिथे हाताने घासून पांढरं पडतं तिथे ६बी पेन्सिलची पूड बोटाने चोळा, पान्याला लगेच वजन येतं.

आणि टेबलावरच्या व्हाइसला, म्हणजे काम करताना वस्तू पकडून ठेवणाऱ्या शिकंज्याला, एक सुकलेली झेंडूची माळ घाला, खंडेनवमीला घातलेली आणि मग कोणी काढलीच नाही अशी. नारिंगी भरतकामाच्या दोऱ्याला जवळजवळ गाठी मारायच्या, वरून चहाचं पाणी.