बेळगावात गल्लीतल्या लोकांना सोबत घेऊन भिंतचित्र करायचंय, चांगला चित्रकार कसा निवडावा?

चित्रकार मिळेल हो, आधी भिंत बघा, आणि तीही भर पावसाळ्यात. जून ते सप्टेंबर आपल्याकडच्या भिंती पाणी पितात. दिवाळीनंतर हातभर प्लास्टिक चारही कडांना चिकटपट्टी लावून भिंतीवर एक दिवस-रात्र ठेवा. आतून थेंब जमले तर रंग लावायचा नाही. लोणा (भिंतीतून वर येणारा पांढरा क्षार) फुटला असेल तर तारेच्या ब्रशने कोरडाच खरवडा. पाण्याने धुतलात की क्षार आत मुरतो आणि रंगाचे पापुद्रे काढत परत वर येतो. गळका पाइप, तुंबलेलं गटार आधी दुरुस्त करा. नवा गिलावा असेल तर २८ दिवस हात लावू नका.

आता मुद्द्याचं. ‘लोकांना विचारत बसलं की चित्र बिघडतं’ म्हणणारे चित्रकार आपल्याकडे खूप आहेत. असा माणूस घेऊ नका. आपल्या बेळगावातल्या वडगावच्या विणकरांच्या गल्लीत हातमागाचं चित्र काढायचं म्हटलं तर असे लोक फोटो बघून विणकराला भलत्याच टोकाला बसवतात. विणलेलं कापड जिथे गुंडाळलं जातं तिथे विणकर बसतो, ताणा, म्हणजे उभे धागे, त्याच्यासमोरून लांब जातो. धोटा (आडवा धागा नेणारा) फणीच्या (धागे ठोकून बसवणाऱ्या) अलीकडून, विणकराच्या बाजूने धावतो. खड्डामाग असेल तर पाय खड्ड्यात, म्हणजे पावलं दिसायलाच नकोत. माग चालवलेल्या आजीला ही चूक एका नजरेत दिसते, आणि त्या गल्लीला ती रोज जाता-येता बघावी लागते. मग लोकांनी चित्र आपलं का म्हणावं?

मात्र ‘काय काढू?’ असं मोघम विचारू नका, भांडणं लागतील. तीन कच्ची चित्रं न्या, एका फुटाला एक इंच या मापाने. ४० फूट बाय ८ फूट भिंतीला ४० इंच बाय ८ इंच कागद पुरतो. तो त्याच भिंतीवर लावा. एक बैठक दिवसा, एक रात्री आठनंतर, नाहीतर यंत्रमागावर जाणारे आणि स्वयंपाकात अडकलेल्या बायका राहून जातात. निरोप मराठी आणि कन्नड दोन्हीत द्या. पंच मंडळींनी हो म्हटलं म्हणजे गल्लीने हो म्हटलं असं नाही.

भिंतीवर अक्षरं नकोतच. घोषणा नको, पुढाऱ्याचा चेहरा नको. आपल्या भागात एका पाटीवरून काम बंद पडतं. फारच आग्रह झाला तर दोन्ही भाषांतला मजकूर आधी ठरवून कागदावर सह्या घ्या. भिंतीच्या मालकाची परवानगीही लेखीच हवी. सार्वजनिक भिंत असेल तर महानगरपालिकेची, कारण कर्नाटकात १९८१ पासून विद्रूपीकरण प्रतिबंधक कायदा आहे.

त्या ४० बाय ८ च्या, म्हणजे ३२० चौरस फुटांच्या भिंतीला बाहेरच्या भिंतीचा प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा हात) साधारण साडेतीन लिटर आणि इमल्शन (पाण्यात मिसळणारा रंग) दोन हातांना सहा लिटर धरा. गडद रंगासाठी स्टेनर (छटा आणणारा दाट रंग) वाट्टेल तेवढं ओतू नका, रंग नीट वाळत नाही आणि पावसात ओघळतो. खालचे दोन फूट चित्र नकोच, चिखल आणि पिचकाऱ्या तिथेच. तिथे एकच गडद पट्टा द्या, दरवर्षी मारता येतो. लाइनदोरीने (रंग लावलेल्या ताणलेल्या दोरीने) फूटभर चौकटी पाडा, पोरांना पाच फुटांखालचे सपाट भाग नंबर घालून द्या. कडा, चेहरे आणि हात चित्रकारच करील.

हे सगळं सिमेंटच्या गिलाव्याचं. जुना वाडा असेल, चुन्याचा गिलावा असेल तर हे इमल्शन चालणार नाही, आतली ओल कोंडते आणि गिलावाच सुटतो. तिथे चुन्यात कालवलेले मातीचे रंग वापरा.

आणि चित्रकाराचं म्हणाल तर कच्च्या चित्राचे पैसे वेगळे द्या, काम दुसऱ्याला गेलं तरी द्या. बाकी रकमेतला थोडा भाग पहिल्या पावसानंतरच्या डागडुजीसाठी राखा आणि हे आधीच लिहून घ्या. या अटीला जो नाही म्हणतो, त्याचा आपल्या रंगावर भरवसा नाही.