वाचकांचे प्रश्न : वेपिंगच्या द्रवासाठी कॉफीचा घरगुती अर्क

प्रश्न : सिगारेट सोडून मला सात महिने झाले, सध्या वेपिंगवर, म्हणजे ई-सिगारेटवर, आहे. बाजारातल्या तयार फ्लेवरमध्ये खऱ्या कॉफीची चव सापडेना, म्हणून घरीच प्रयोग केला. जाडसर दळलेली कॉफी प्रॉपिलीन ग्लायकॉल या वेपिंगच्या द्रवातल्या मूळ घटकात तीन आठवडे भिजत ठेवली, दुहेरी फडक्यातून गाळली आणि तो अर्क शेकडा दहा या प्रमाणात द्रवात मिसळला. वास सुरेख आला, पण दुसऱ्याच दिवशी कॉइल (द्रव तापवणारी तार) काळी पडली, चव करपट झाली आणि घशात खवखव सुरू झाली. माझे कुठे चुकले?

उत्तर : अर्क काढण्याची आपली रीत स्वयंपाकघराच्या हिशेबाने बिनचूक आहे, आणि अडचणीचे मूळही तिथेच आहे. स्वयंपाकघरातला अर्क पोटात जायचा असतो. तिथे त्याच्यासोबत थोडे तेल, थोडा गाळ, थोडी साखर गेली तरी पचनसंस्था त्यांची व्यवस्था लावते. फुप्फुसांपाशी अशी कोणतीही सोय नाही.

भाजलेल्या कॉफीत वजनाच्या साधारण दहा ते सतरा टक्के चरबी असते. अरेबिका जातीत अधिक, रोबस्टात कमी. म्हणजे आपण शंभर ग्रॅम अरेबिका घेतली असेल, तर बरणीत पंधरा ग्रॅमच्या आसपास तेल होते. प्रॉपिलीन ग्लायकॉल हा तेलाचा चांगला विद्रावक नाही, वेपिंगच्या द्रवातला दुसरा मुख्य घटक ग्लिसरीन तर त्याहून कमी. त्यामुळे बहुतेक तेल चोथ्यातच राहिले असणार. पण दाणा दळताना मोकळे झालेले तेलाचे बारीक थेंब आणि धुळीसारखे कण अर्कात तरंगत राहतात, आणि दुहेरी फडके काय, कॉफी गाळायचा कागदसुद्धा ते सगळे अडवू शकत नाही. याशिवाय कॅफीन, भाजताना तयार झालेली तपकिरी रंगद्रव्ये, दाण्यातली गुंतागुंतीची शर्करा आणि आम्ले ही विरघळूनच आलेली असतात. ती कोणत्याही गाळणीने निघत नाहीत.

आता ही सगळी मंडळी कॉइलवर आली की काय होते ते पाहा. प्रॉपिलीन ग्लायकॉल १८८ अंश सेल्सिअसला उकळते, ग्लिसरीन २९० अंशांना. दोन्हींच्या मिश्रणातून वाफ निघते ती याच पट्ट्यात कुठेतरी. ही दोन द्रव्ये उडून जातात, पण रंगद्रव्ये आणि शर्करा उडू शकत नाहीत. ती तारेवर आणि कापसाच्या वातीत साचतात, आधी चिकट होतात, मग त्यांचा कोळसा होतो. कोळशाने कोंडलेली वात द्रव नीट शोषत नाही, तार कोरडी पडते, तापमान आणखी चढते, आणि मग ग्लिसरीनचेच विघटन होऊन ॲक्रोलीन नावाचे वायुरूप द्रव्य तयार होऊ लागते. तळणीचे तेल कढईत करपल्यावर डोळ्यांना झोंबणारा जो धूर निघतो, त्यातला झोंबरेपणा मुख्यतः याच ॲक्रोलीनचा. आपल्या घशातल्या खवखवीचे सर्वांत जवळचे कारण मला हेच दिसते.

पत्र आल्यावर मी स्वतः एक छोटा प्रयोग केला. आपण लिहिले तसाच अर्क काढला, त्यातले एक चमचाभर एका पेल्यात दहा चमचे पाण्यात ओतले आणि अर्धा तास तसेच ठेवले. पाणी गढूळ झाले आणि पेला खिडकीपाशी तिरपा धरल्यावर पृष्ठभागावर इंद्रधनुषी तवंग स्पष्ट दिसला. मग अर्काचे पाच-सहा थेंब स्टीलच्या चमच्यात घेऊन खिडकी उघडी ठेवून मंद आचेवर तापवले. पांढरी वाफ निघून गेली आणि चमच्याच्या तळाशी डांबरासारखा तपकिरी थर उरला, जो घासणीने सहज निघेना. आपली कॉइल दर झुरक्याला याच चमच्याची भूमिका करत होती.

तेव्हा माझे मत स्पष्ट आहे : कॉफीच्या पावडरीपासून काढलेला कोणताही घरगुती अर्क वेपिंगच्या द्रवात घालू नये. उरलेले मिश्रण टाकून द्या, कॉइल आणि वात बदला. आणि खवखव आठवड्याभरात गेली नाही, किंवा धाप, छातीत दुखणे, ताप यांपैकी काही जाणवले, तर डॉक्टरांना नेमके काय ओढले गेले ते न संकोचता सांगा. अशा तक्रारीत डॉक्टरांना ही माहिती आपणहून कुणी देत नाही, आणि मग निदान भलत्याच दिशेने जाते.

प्रश्न : अर्क फ्रीझरमध्ये ठेवून तेल गोठवले आणि मग तीन-चार वेळा बारीक कागदातून गाळले, तर तो सुरक्षित होतो असे मला एका मित्राने सांगितले. तो स्वतः वर्षभर असेच करतो आणि त्याला काहीही झालेले नाही.

उत्तर : थंडीने तेल आणि मेण साकळते आणि कागदावर अडकते, इतके आपल्या मित्राचे म्हणणे खरे आहे. अर्क त्यामुळे स्वच्छ दिसतो, कॉइलही अधिक दिवस टिकते. मात्र डोळ्यांना स्वच्छ दिसणे हा फुप्फुसांसाठी निकष नव्हे. किती तेल उरले हे घरी मोजण्याचे साधन आपल्यापाशी नाही, आणि विरघळलेल्या पदार्थांना तर या साऱ्या खटाटोपाने धक्काही लागत नाही. त्यांत कॅफीन आहे, जे १७८ अंशांच्या आसपास थेट वाफ होऊ लागते आणि म्हणून झुरक्यातून आत जाऊ शकते. युरोपीय संघाने २०१४ च्या तंबाखू उत्पादनविषयक निर्देशात निकोटीनयुक्त द्रवात कॅफीन घालण्यास मनाई केली आहे.

खाण्यासाठी निर्धोक असलेला पदार्थ ओढला गेल्यावर काय होऊ शकते, याचे मोठे उदाहरण २०१९ मध्ये अमेरिकेत घडले. वेपिंगनंतर झालेल्या फुप्फुसांच्या गंभीर इजेमुळे रुग्णालयात दाखल झालेल्यांची आणि दगावलेल्यांची एकूण नोंद फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ झाली होती; त्यांतले ६८ जण मरण पावले होते. बहुतेक रुग्णांनी गांज्यातला घटक असलेली, अनौपचारिक मार्गाने मिळालेली द्रवे वापरली होती, आणि तपासात मुख्य संशयित ठरले ते व्हिटॅमिन ई ॲसिटेट. हाच तेलकट पदार्थ गोळ्यांतून गिळला जातो, त्वचेच्या मलमांतही असतो आणि तिथे त्याची कुणाची तक्रार नसते. कॉफीचा अर्क आणि ते द्रव एकच आहे असे मी म्हणत नाही. तेलकट द्रव्याचा मार्ग बदलला की त्याचा स्वभाव बदलतो, एवढ्यासाठीच हे उदाहरण दिले. तुमचा मित्र वर्षभर धडधाकट आहे ही आनंदाची गोष्ट आहे, पण एका माणसाचे एक वर्ष हा फार तोकडा पुरावा झाला.

प्रश्न : इन्स्टंट कॉफीत तेल जवळजवळ नसतेच. मग तीच थेट ग्लिसरीनमध्ये विरघळवली तर?

उत्तर : तेलाचा प्रश्न बराचसा सुटतो आणि कोळशाचा दुप्पट होतो. इन्स्टंट कॉफी म्हणजे दाण्यातले पाण्यात विरघळणारे सर्व घटक सुकवून केलेली पूड. न उडणारा ऐवजच तिच्यात ठासून भरलेला असतो, आणि सुवासाचा मोठा भाग सुकवतानाच गेलेला असतो. करू नये.

प्रश्न : घरी करायचे नाही हे मान्य. मग वेपिंगसाठी म्हणून विकले जाणारे कॉफी फ्लेवर घेताना काय पाहावे? डायॲसिटिलविषयी उलटसुलट ऐकू येते. आणि या फ्लेवरना कॉफीची चव का नसते? कधी राखेसारखी, कधी जळक्या रबरासारखी लागते.

उत्तर : चवीचा प्रश्न आधी घेतो, कारण त्यातच दुसऱ्याचे निम्मे उत्तर आहे. भाजलेल्या कॉफीत उडून जाणारी आठशेहून अधिक संयुगे ओळखली गेली आहेत. त्यांतले सर्वांत ओळखीचे म्हणजे फरफ्युरिल थायॉल हे गंधकयुक्त संयुग. टाडेउस राइखस्टाइन आणि हेर्मान श्टाउडिंगर या रसायनशास्त्रज्ञांनी ते १९२६ मध्ये कॉफीतून ओळखले. पुढे दोघांनाही वेगवेगळ्या कामांसाठी नोबेल मिळाले. अब्जावधी भागांत एखाद्या भागाहूनही कमी असले तरी आपल्या नाकाला ते ‘ताजी कॉफी’ असे सांगते. प्रमाण वाढले की तेच जळके आणि उग्र लागते. शिवाय ते हवेने लवकर बिघडते. म्हणून फोडलेल्या डब्यातली कॉफी काही दिवसांत मलूल होते, आणि म्हणूनच फ्लेवरच्या बाटलीत तिचा ताजेपणा फार काळ धरून ठेवता येत नाही. कारागीर मग भाजल्यासारखा वास देणारी पायराझिने, धुरकट ग्वायाकॉल, खरपूस गोडीसाठी माल्टॉल अशांवर भिस्त ठेवतात. मात्रा थोडी चढली की राख आणि रबर हजर. शेकडा दोनपासून सुरुवात करावी आणि मिश्रण आठवडाभर अंधारात मुरू द्यावे. कमी वाटले तरच वाढवावे. बहुतेक जण फ्लेवर खराब आहे म्हणून फेकून देतात तेव्हा तो नुसता जास्त झालेला असतो.

आता डायॲसिटिल. लोण्यासारखा स्निग्ध वास देणारे हे संयुग भाजलेल्या कॉफीत निसर्गतःच असते, आणि त्याचा जवळचा भाऊ पेंटेनडायोनही. दूध घातलेल्या, सायीच्या, कॅरॅमलच्या कॉफीची नक्कल करताना दोहोंचा मोह पडतो. २००० साली अमेरिकेतील मिझुरी राज्यात मायक्रोवेव्ह पॉपकॉर्नच्या एका कारखान्यातले आठ माजी कामगार फुप्फुसांतील अतिसूक्ष्म श्वासनलिका कायमच्या आकसणाऱ्या दुर्मीळ विकाराने आजारी असल्याचे उघडकीस आले आणि बोट लोण्याच्या फ्लेवरच्या वाफेकडे वळले. पुढे टेक्सासमधील कॉफीवर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यात, फ्लेवर मिसळण्याच्या खोलीत काम केलेल्या दोन कामगारांनाही तोच विकार झाल्याची नोंद २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने २०१६ मध्ये कामाच्या जागेच्या हवेसाठी डायॲसिटिलची मर्यादा अब्जात पाच भाग आणि पेंटेनडायोनची अब्जात ९.३ भाग इतकी कमी सुचवली. सिगारेटच्या धुरात डायॲसिटिल याहून कितीतरी जास्त असते, हा युक्तिवाद वारंवार केला जातो आणि तो खराही आहे. पण सिगारेटच्या तुलनेत बरे ठरणे हे काही फार मोठे प्रशस्तिपत्र नव्हे.

म्हणून खरेदी करताना लेबलावरच्या ‘डायॲसिटिलविरहित’ या एका शब्दावर थांबू नका. पेंटेनडायोन, ज्याला ॲसिटिल प्रोपिओनिल असेही म्हणतात, आणि ॲसिटॉइन या दोघांचीही चौकशी करा. ॲसिटॉइन साठवणुकीत हळूहळू डायॲसिटिलमध्ये बदलू शकते, निकोटीन असलेल्या द्रवात अधिकच. उत्पादकाकडे त्या त्या घाण्याच्या, म्हणजे बॅचच्या, प्रयोगशाळेतील चाचणीचा अहवाल मागावा. तो न देणाऱ्याचा माल घेऊ नये. तेलात केलेला फ्लेवर, केकसाठीचे इसेन्स, साखर किंवा सुक्रालोज घातलेले सरबती फ्लेवर हे तर पूर्ण वर्ज्य. ‘खाद्य दर्जा’ या शिक्क्याचा अर्थ पदार्थ गिळण्यास योग्य एवढाच आहे. फ्लेवर उत्पादकांच्या अमेरिकन संघटनेनेच स्पष्ट केले आहे की खाद्यपदार्थांसाठी दिलेली सुरक्षिततेची मान्यता ई-सिगारेटला लागू होत नाही. आणि हे सर्व पाहूनही हाती येते ते कमी धोक्याचे द्रव, निर्धोक नव्हे. सिगारेट सुटली असेल तर पुढची पायरी निकोटीनची मात्रा उतरवत नेण्याची आहे; कॉफीच्या स्वादासाठी पेला जवळ आहेच.

प्रश्न : पहिल्या पत्रातल्यासारखाच अर्धा लिटर अर्क माझ्याकडे पडून आहे. निकोटीन अजून मिसळलेले नाही. तो फेकायचा जिवावर येतो. स्वयंपाकात चालेल का?

उत्तर : वापरलेले प्रॉपिलीन ग्लायकॉल खाद्य दर्जाचे असल्याची खात्री असेल, तर चालेल. बाटलीवर तसे छापलेले नसेल, तर जिवावर आले तरी फेकावे. औद्योगिक दर्जाच्या मालात नको ती भेसळ असू शकते. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने या पदार्थाची रोजची स्वीकार्य मात्रा दर किलो वजनामागे २५ मिलिग्रॅम मानली आहे, म्हणजे साठ किलो वजनाच्या माणसाला दीड ग्रॅम. केक किंवा आइस्क्रीमच्या मोठ्या घाण्यात चमचाभर अर्क घातला तर वाटणीला त्याहून बरेच कमी येते. लहान मुलांसाठीच्या पदार्थात मात्र मी तो घालणार नाही.

पुढच्या वेळी करायचाच असेल, तर ग्लिसरीनमध्ये करा. तीन भाग ग्लिसरीन, एक भाग पाणी आणि एक भाग ताजी, जाडसर दळलेली कॉफी अशी बरणी भरून शीतकपाटात चार-पाच दिवस ठेवावी, रोज एकदा हलवावी, आधी फडक्यातून आणि मग कागदातून गाळावी. इथे तवंग आला तर घाबरू नका. सुवासाचा बराच अंश त्या तेलातच असतो, आणि केकला तो हवाच आहे. अर्क शीतकपाटातच ठेवून महिन्याभरात संपवावा. एक काळजी मात्र काटेकोरपणे घ्या : निकोटीनला कधीही लागलेली पिचकारी, नरसाळे, बरणी या कामाला घेऊ नका, आणि कॉफीचा वास येणारी निकोटीनची बाटली स्वयंपाकघरात ठेवू नका. निकोटीन त्वचेतूनही शोषले जाते, आणि दोन तपकिरी बाटल्या शेजारी उभ्या राहिल्या की घाईच्या सकाळी कुठली कोणती हे घरातल्या दुसऱ्या माणसाला कळायचे नाही.