बाकी काढ, मग बोल

पोरा,

तुझा मेसेज वाचला. 2147483647 ही मूळ संख्या आहे हे मोबाइल क्षणात सांगतो, मग वहीत भागाकार काहून करायचे, असं विचारतोस. वर क्लासमधली पोरं हसतात म्हणतोस. हसू दे. पण तुलाही तसंच वाटायला लागलं असेल तर मला राग येतो, बाप्पा.

ऑयलर या गणितज्ञाने 1772 मध्ये ही संख्या मूळ असल्याचं सिद्ध केलं, तेव्हा त्याची नजर जवळजवळ गेलेली होती. वर्गमूळापर्यंत, म्हणजे 46340 पर्यंत, सरसकट भागत बसला असता तर कंबर मोडली असती. त्याने आधी कुठे भागायचंच नाही ते ठरवलं. ही संख्या म्हणजे 2 चा 31 वा घात वजा 1. याला भाजक असलाच तर त्या भाजकाला 62 ने, म्हणजे 31 च्या दुपटीने, भागून बाकी 1 उरते, आणि 8 ने भागून 1 किंवा 7. एवढ्यावर 46340 पैकी पावणेचारशेही आकडे उरत नाहीत. त्यातलेही जे मूळ नाहीत ते सोडायचे.

लहानात करून बघ. 8191, म्हणजे 2 चा 13 वा घात वजा 1. वर्गमूळ नव्वदच्या जरा वर. इथे 62 च्या जागी 13 ची दुप्पट, 26, म्हणून आकडे तीनच: 27, 53, 79. पहिले दोन आठच्या कसोटीत गळतात. 79 ने भाग. 79 गुणिले 103 म्हणजे 8137, बाकी 54. झालं! एका भागाकारात 8191 मूळ ठरली. मोबाइलने सांगितलं असतं तर तुझ्या हाती काय लागलं असतं?

मर्सेन नावाच्या फ्रेंच अभ्यासकाने अशा मूळ संख्यांच्या 1644 च्या यादीत 2 चा 67 वा घात वजा 1 हा आकडाही घातला होता. 1876 मध्ये ल्युका या गणितज्ञाने तो खोडून काढला. आणि 2024 मध्ये 4,10,24,320 अंकी मूळ संख्या सापडली, तीसुद्धा वेगळ्या मशीनवर, वेगळ्या प्रोग्रॅमने पुन्हा तपासली गेली. मशीनवालेच मशीनच्या एका शब्दावर थांबत नाहीत, आणि तू थांबतोस?

एम.एस्सी.साठी मला नागपूरला जायचं होतं. त्या साली कापसाची पऱ्हाटी गेली, ते राहिलंच. त्याची सल आहे. शाळेत पोरांकडून भागाकार करून घेतले, त्याची नाही. सिलॅबस मागे पडतो म्हणून शेरे आले, येऊ दे. ज्या पोट्ट्यांनी बाकी काढली, ते आज कापसाच्या काट्यावर उभे राहून वजनात कट्टी कशाची लावली म्हणून विचारतात. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, शेरे लिहिणाऱ्यांनी नाही.

असो. आता 131071 घे, 2 चा 17 वा घात वजा 1. लाइट नव्हती ही सबब चालणार नाही. भागून पाहायला फक्त 103, 137 आणि 239 उरतात. ते का, हे आधी लिही. मग तिन्ही बाक्या पाठव. मूळ आहे की नाही ते मला सांगू नको.